कुत्रं ज्याच्या वावराची राखण करतं, जबाबदारीही त्याचीच

लेकराला कुत्रं चावलं की गावात दोन प्रश्न एकदम उठतात. कुत्रं कोणाचं, आणि लेकरू तिथं काय करत होतं? पहिल्या प्रश्नावर सगळे गप्प होतात. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र पारावरचे पाचही जण पुढं येतात. लेकरानं दगड मारला असेल, शेपूट ओढलं असेल, पिल्लाला हात लावला असेल, एकटंच कुठं फिरत असेल. संध्याकाळपर्यंत प्रकरण मिटलेलं असतं आणि दोष सहा वर्षांच्या लेकराच्या आणि त्याच्या मायच्या पदरात पडलेला असतो.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. अशी फार थोडी प्रकरणं माझ्यापर्यंत पोचतात आणि जी येतात ती बहुतेक एका भेटीत संपतात. बाप येतो, पिशवीतून दवाखान्याचा केसपेपर काढतो, कुत्रं कोणाच्या गोठ्यातलं ते स्पष्ट सांगतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, "पण वकीलसाहेब, त्याईचं नाव कुठं येऊ देऊ नका. त्याईच्याच वावरात घरची निंदाले जाते." एवढं बोलून झाल्यावर कायद्याचं पुस्तक उघडून काही उपयोग नसतो. वऱ्हाडात काय, झाडीपट्टीत काय, कुत्रा चावण्याच्या बहुतेक भांडणांत एका बाजूला वावराचा धनी असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच वावरात रोजीनं जाणाऱ्या घरातलं लेकरू. ही गोष्ट बाजूला ठेवून जबाबदारीची चर्चा करता येणार नाही.

शहरातला वाद वेगळा आहे. तिथं पाळीव कुत्रा म्हणजे पट्टा, लसीचं कार्ड, महापालिकेचा परवाना. आणि भटका म्हणजे ज्याला यातलं काहीच नाही. न्यायालयांपुढचे बहुतेक युक्तिवाद याच दोन खणांतून चालतात. विदर्भातल्या खेड्यात या दोन्हींत न बसणारी कुत्री पावलोपावली दिसतात. सोयाबीन, तूर, हरभरा, कोणतंही पीक घ्या, रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) ते राखावं लागतं. रात्रीच्या जागलीला माणसासोबत कुत्रं लागतं. शेतकरी गावातलंच एखादं पिल्लू उचलतो, गोठ्याशी ठेवतो, सकाळ-संध्याकाळ भाकर टाकतो. ते बंडीमागे वावरात जातं, परत येतं, रात्री गोठ्यासमोर पडतं. गळ्यात पट्टा नाही, लस नाही, कुठं नोंद नाही. दिवसभर ते मोकळंच असतं. ते जितकं जबर तितका मालकाला त्याचा अभिमान. चार जणांत तो सांगतो, "आपल्या कुत्र्यापुढं परका माणूस उभा राहात नाही." आणि तेच कुत्रं शाळेतून येणाऱ्या पोरीच्या पोटरीला लोंबकळलं की तोच मालक म्हणतो, "आमचं नोहे ते. असंच येऊन पडते आमच्याइथं."

माझं म्हणणं याच वाक्याविरुद्ध आहे. कुत्र्याकडून जो नेमानं काम घेतो, राखण करून घेतो, त्यानं ते विकत घेतलं की रस्त्यावरून उचललं, पट्टा बांधला की नाही, हे प्रश्न गैरलागू आहेत. लाभ त्याचा, तर लेकराच्या जखमेची जबाबदारीही त्याची. आणि जिथं असा कोणीही धनी नाही, तिथं जबाबदारी ग्रामपंचायत आणि राज्य सरकार यांची आहे. लेकराच्या वाट्याला "कोणाचंच नाही" हे उत्तर कधीही येता कामा नये.

यातल्या पहिल्या भागासाठी नवा कायदा करायची गरज नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाहा. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोक्याचा किंवा गंभीर दुखापतीचा संभव आहे हे माहीत असून, किंवा निष्काळजीपणानं, पुरेसा बंदोबस्त न करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा इथं ताबा विचारतो. परवान्याची किंवा खरेदीची पावती मागत नाही. आणि ताबा ही पुराव्यानं सिद्ध करायची गोष्ट आहे. कुत्रं रात्री कोणाच्या गोठ्याशी झोपतं, कोणाच्या हाकेला धावतं, कोणाच्या बंडीमागे जातं, हे शेजारच्या चार घरांना पाठ असतं. पंचनाम्यात एवढं नीट उतरलं तरी "आमचं नोहे" हे म्हणणं टिकत नाही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवायला न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या सुरक्षिततेला धोका होईल अशा बेपर्वा कृत्याबद्दल कलम १२५ आहे; त्यातून गंभीर दुखापत झाली तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. लेकरू दगावलं तर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं कलम १०६ लागू शकतं, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रत्यक्षात काय होतं? ठाण्यात अदखलपात्र नोंदीची एक चिठ्ठी हातात पडते. किंवा तेही नाही. पोलीस पाटील, सरपंच आणि तंटामुक्त समितीचे दोघे-तिघे बसतात, गावातलं गावात मिटवा म्हणतात, मालक हजार-दोन हजार रुपये काढून देतो आणि "आता पुढं बोलायचं नाही" असं ठरतं. तंटामुक्तीची मोहीम २००७ साली सुरू झाली तेव्हा तिच्यामागचा हेतू चांगलाच होता आणि धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कितीतरी भांडणांत तिचा उपयोगही झाला. पण लेकराच्या अंगावरची जखम हा धुऱ्याचा वाद नव्हे. दोन बरोबरीच्या शेजाऱ्यांत तडजोड होते. धनी आणि मजूर यांच्यात जी होते ती बहुतेक वेळा माघार असते. त्या बैठकीत लेकराच्या बाजूनं बोलायला त्याची माय असते, आणि तिला उद्या सकाळी त्याच घरी कामाला जायचं असतं.

भरपाईच्या दिवाणी दाव्यात एक जुनी अडचण आहे. आपल्याकडे नुकसानभरपाईचा हा भाग संसदेनं केलेल्या एखाद्या सलग कायद्यात नाही. तो इंग्रजी न्यायपरंपरेतून आलेल्या तत्त्वांवर चालतो. त्या परंपरेत वाघ-अस्वलासारखं जात्याच हिंस्र जनावर पाळणारा सरळ जबाबदार धरला जाई, पण कुत्र्यासारख्या माणसाळलेल्या जनावराच्या बाबतीत त्याचा दांडगेपणा मालकाला आधीपासून माहीत होता किंवा मालकानं निष्काळजीपणा केला, हे दाखवावं लागे. त्यामुळं पहिल्या चाव्याला मालक सहज सुटतो: आधी कधी असं केलं नव्हतं हो त्यानं. माझ्या मते राखणीच्या कुत्र्याला हा बचाव मिळू नये. जो माणूस कुत्र्याच्या जबरपणासाठीच त्याला बाळगतो, त्याला त्याचा स्वभाव माहीत नव्हता असं कोण म्हणेल? रानडुकराच्या अंगावर जाणारं कुत्रं त्याला हवं होतं, त्यानं ते तसं तयार केलं. अशा कुत्र्याला दिवसा, लस न देता, अंगणवाडीच्या वाटेवर मोकळं सोडणं हाच निष्काळजीपणा आहे. त्यासाठी आधी कोणाला तरी चावल्याचा दाखला मागणं म्हणजे पहिल्या लेकराला पुरावा म्हणून वापरणं होय.

आता खोडीबद्दल. हे इतक्या वेळा आणि इतक्या सहज बोललं जातं की त्यावर थांबायलाच हवं. "लेकरानंच छेडलं असंन." समजा छेडलं. सात वर्षांखालच्या लेकराच्या हातून काहीही घडलं तरी तो गुन्हा होत नाही, असं आपला फौजदारी कायदा सांगतो, कारण त्या वयात परिणामाची समज नसते. दिवाणी कायद्यातही लहान लेकराकडून मोठ्या माणसाच्या सावधगिरीची अपेक्षा धरत नाहीत. त्याच्या वयाच्या मुलाकडून जेवढी धरता येईल तेवढीच धरतात. पाच वर्षांचं लेकरू पिल्लाकडे जाणारच, जेवणाऱ्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवणारच, घाबरलं की पळणारच, आणि पळालं की कुत्रं मागे लागणारच. हे सगळं गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक आहे त्यानं बंदोबस्त करायचा की ज्याला ठाऊक नाही त्यानं? शिवाय हा आरोप लेकराच्या जिवावर उठतो. रागावतील, मारतील या भीतीनं मुलं चावल्याचं घरी सांगतच नाहीत. पॅन्टखाली ओरखडा झाकतात. कुत्र्याच्या नखाचा, दाताचा साधा ओरखडाही रेबीजसाठी पुरेसा असतो, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जगात रेबीजनं मरणाऱ्यांत सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांची उंची कमी, त्यामुळं चावा तोंडावर, मानेवर, डोक्यावर बसतो. तिथून मेंदू जवळ, म्हणून विषाणूला पोचायला वेळ कमी लागतो. ज्या गावात चावा खाल्लेल्या लेकराला आधी ओरडा बसतो, त्या गावात लस वेळेवर मिळण्याची शक्यता त्या ओरड्यानंच कमी होते.

जबाबदारी ठरवायची म्हणजे किती रुपयांची, हा प्रश्न येतो. मालक म्हणतो, इंजेक्शन तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मग खर्च कशाचा? लस फुकट मिळते हे खरं आहे आणि ती मिळायलाच हवी. पण हिशेब पुरा करू. त्वचेत द्यायच्या लसीचे दिवस ठरलेले आहेत: पहिला दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. चार फेऱ्या. लेकरू एकटं जात नाही, माय किंवा बाप सोबत जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत चार दिवसांची रोजी गेली म्हणजे त्या घराचा आठवड्याचा किराणा गेला. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन भरावं लागतं. लस अंगात प्रतिकारशक्ती तयार करेपर्यंत मधल्या दिवसांत तेच लेकराला वाचवतं, म्हणून ते लसीच्या पहिल्या डोसासोबतच द्यायचं असतं. तेव्हा राहिलं तरी सात दिवसांच्या आत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते बहुतेक नसतं. मग चिठ्ठी मिळते: उपजिल्हा रुग्णालयात जा, नाहीतर जिल्ह्याला जा. धारणीकडच्या पाड्यावरून अमरावतीला जायचं म्हणजे मेळघाटचा घाट उतरून जायचं. सिरोंचाहून गडचिरोलीला जायचं म्हणजे दिवस त्यातच जातो. एसटी चुकली तर काळी-पिवळी, ती नसेल तर कोणाची तरी मोटारसायकल आणि तिचं पेट्रोल. रात्री थांबावं लागलं तर दवाखान्याच्या व्हरांड्यात. गालावर टाके पडले तर पुढं व्रण राहतो. पोरगी असेल तर त्या व्रणावर गाव काय बोलतं ते मी इथं लिहीत नाही. कित्येक लेकरं महिनोन् महिने झोपेत दचकतात, शाळेच्या वाटेवर पाय टाकायला तयार होत नाहीत. यातलं काहीच फुकट नाही. न्यायालयापुढं भरपाई मागताना बुडालेली रोजी, प्रवास, व्रण, भीती, बुडालेली शाळा, सगळं लेखी मांडायला हवं आणि ते मांडण्याचा हक्क लेकराला आहे.

इथं एक भेद मी आग्रहानं करतो. उरलेली भाकर दारातल्या कुत्र्याला टाकणारी म्हातारी आणि राखणीला कुत्रं ठेवणारा माणूस यांना एका मापानं मोजू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शहरापुरता आदेश दिला होता की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खायला घालायचं आहे त्यांनी त्यांना रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. नागपुरातला त्रास खरा होता, म्हणून तो आदेश का आला हे समजतं. पण नुसतं खाऊ घालण्यावर मालकी ठरवली तर खेड्यात निम्मं गाव मालक ठरेल आणि ज्याच्यावर खरोखर ठरायला हवी तो त्या गर्दीत लपून जाईल. जनावराच्या तोंडी घास घालणं हा आपल्याकडे जुना धर्म आहे. त्यासाठी कोणी आरोपी होऊ नये. कसोटी एकच ठेवावी: या कुत्र्याकडून कोण काम घेतं आणि ते कोणाच्या सांगण्यात आहे.

याही कसोटीला न उतरणारी कुत्री उरतातच. बसथांब्यावरची, आठवडी बाजारातल्या चिकनच्या दुकानांमागची, गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात तिथली. त्या ढोराच्या जागेकडे नीट पाहायला हवं. पूर्वी मेलेल्या बैलाचा गिधाडं एका दिवसात फडशा पाडत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळं नव्वदच्या दशकापासून गिधाडं झपाट्यानं संपत गेली. पशुवैद्यकीय वापरासाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. ते मांस आता कुत्री खातात, कळपानं खातात, आणि कळपातल्या कुत्र्याचं वागणं एकट्या कुत्र्यासारखं नसतं. मेलेलं ढोर पुरायचं की उघड्यावर टाकायचं, चिकनच्या दुकानाची घाण कुठं जाणार, शाळेतल्या खिचडीचं उष्टं कुठं टाकायचं, हे सगळं ग्रामपंचायतीच्या हातात आहे. मोकाट कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण हे २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेलं काम आहे. त्याच नियमांनी पाळलेल्या कुत्र्याची लस आणि निर्बीजीकरण मालकावर टाकलं आहे. काम नेमून दिलेलं आहे आणि ते झालेलं नाही, तर न झालेल्या कामातून झालेल्या जखमेची भरपाई त्याच संस्थेकडून मागणं यात अन्याय कुठला?

आमच्याकडे हा प्रश्न आणखी टोचतो, कारण शेजारीच एक व्यवस्था उभी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघानं माणूस मारला तर वन विभाग कुटुंबाला २५ लाख रुपये देतो, जखमींनाही ठरलेली मदत देतो. त्या यादीत बिबट, अस्वल, रानडुक्कर, लांडगा, कोल्हा आहेत. रानकुत्राही आहे. वाघाला मालक आहे का, माणसानं त्याची खोडी काढली होती का, हे तिथं कोणी आधी विचारत नाही. ही मदत योग्यच आहे आणि तिच्यासाठी जंगलकाठच्या लोकांनी फार सोसलं आहे. पण त्याच गावात, त्याच शाळेच्या वाटेवर, गावकुत्र्यांच्या कळपानं लेकरू फाडलं तर त्याच्या माय-बापासाठी अशी कोणतीही ठरलेली रक्कम नाही. लेकराच्या अंगावरचे दात रानातल्या कुत्र्याचे होते की गावातल्या, यावर सरकारची जबाबदारी ठरावी हे मला कोणत्याही अंगानं पटत नाही.

दोष कोणाचा हे ठरण्याआधी पैसे द्यायचे आणि मग ज्याचा दोष त्याच्याकडून वसूल करायचे, ही पद्धत आपल्या कायद्याला नवी नाही. अज्ञात वाहनानं धडक देऊन पळ काढला तर मोटार वाहन कायद्याखाली मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. वाहन कोणाचं ते सापडायची वाट पाहिली जात नाही. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्त्यातले खड्डे आणि उघडी गटारं यांनी झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख, आणि जखमींसाठी पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरवून दिली, ती आधी संबंधित संस्थांनी द्यायची आणि नंतर दोषी ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये थेट कुत्र्यांच्या चाव्याबाबतच हे केलं: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार, मांस निघालं असेल तर प्रत्येक ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान वीस हजार, जबाबदारी मुख्यतः राज्याची, आणि निर्णयासाठी जिल्हा पातळीवर समिती. केरळात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमून लोकांचे दावे ऐकायची सोय केली होती. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांकडे असा निधी आणि अशी समिती असायला काय हरकत आहे? दाताच्या खुणा मोजून रक्कम ठरवणं मला पुरेसं वाटत नाही. एका खुणेनंही लेकरू मरतं. पण निदान तिथल्या माय-बापांना अर्ज कुठं करायचा ते माहीत आहे.

ग्रामपंचायतीकडे पैसा कुठून येणार, हा आक्षेप खरा आहे. दीड-दोन हजार वस्तीच्या पंचायतीवर लाखाचा बोजा टाकला तर तिची नळयोजना बंद पडेल. म्हणून पहिली देणी राज्याच्या निधीतून जावीत. पंचायतीवर भार यावा तो तिनं सांगितलेलं काम केलं की नाही यावरून: गावातल्या कुत्र्यांची वही ठेवली का, वर्षातून एकदा पशुवैद्यकीय दवाखान्याला बोलावून लसीकरणाचं शिबिर घेतलं का, ढोर टाकायची जागा बंद केली का. निर्बीजीकरण केंद्र प्रत्येक गावात शक्य नाही. ते तालुक्यांच्या गटाला एक असं जिल्हा परिषदेनं उभारायला हवं, कारण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं शहरं होती आणि खेड्यातल्या कुत्र्याला तिथवर नेणारी गाडीसुद्धा आज नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. जबाबदारी अंगावर येते म्हटल्यावर लोक कुत्र्यांना विष घालतील किंवा पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून देतील. हे होऊ शकतं. जनावराला विष देऊन मारणं हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाही तितक्याच कसोशीनं नोंदवायला हवा. माझी लढाई कुत्र्याशी नाही. रात्रभर थंडीत वावर राखणारं ते जनावर शेतकऱ्याचं पीक वाचवतं. त्याला वर्षाला एक लस आणि दिवसा बांधायला एक साखळी एवढंही त्याच्या धन्याकडून मिळत नाही. म्हणून उत्तर असं असावं की ज्यानं वहीत नोंद केली, लस दिली, दिवसा बांधून ठेवलं, त्याच्या बाजूनं न्यायालयानं हे सगळं धरावं. ज्यानं काहीच केलं नाही आणि वर "आमचं नोहे" म्हटलं, त्याच्या विरुद्ध तेच धरावं. असं झालं तर कुत्रं नाकारण्यापेक्षा ते आपलं म्हणणं सोयीचं होईल.

शाळांबद्दल आदेश आलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा जागांना कुंपण घालून कुत्री बाहेर ठेवायला, जबाबदार अधिकारी नेमायला, दर तीन महिन्यांनी पाहणी करायला आणि रुग्णालयांत लस व इम्युनोग्लोब्युलिनचा साठा कायम ठेवायला सांगितलं. २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. त्या मानानं हा आदेश उशिराच आला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला भिंत आहे का, फाटक आहे का, नेमलेल्या माणसाचं नाव फलकावर आहे का, हे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत विचारता येतं. तिथं बाया बोलतात, आणि ग्रामसभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात येतो. पुढं कधी पंचायतीला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची वेळ आली, तर ते इतिवृत्त न्यायालयात वाचलं जातं.

आणि ज्यांच्या घरात हे आधीच घडलं आहे त्यांच्यासाठी. जखम आधी साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. झाडपाल्यावाल्याकडे वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. केसपेपरवर "कुत्रा चावला" आणि कुठं, किती खोल, हे लिहून घ्या. जखमेचे फोटो त्याच दिवशी काढा. कुत्रं कोणाच्या गोठ्याशी असतं ते सांगणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा. ठाण्यात तोंडी न बोलता लेखी तक्रार द्या, कलम २९१ चा उल्लेख करा आणि पोच घ्या. सरकारविरुद्ध दावा करायचा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते आणि पंचायतीसारख्या संस्थांच्या बाबतीत मुदतीचा प्रश्न कडक असतो, म्हणून तिथं थांबू नका. वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक बालकाला आणि प्रत्येक स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील दिला आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

आज धन्याविरुद्ध उभं राहणं शक्य नसेल, रोजी जाईल, घर जाईल, तर तेही मी समजतो. पण हक्क तुमचा नाही, लेकराचा आहे, आणि ते अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेपर्यंत मुदतीचा कायदा त्याच्यासाठी थांबतो. कुत्र्याच्या मालकाविरुद्ध भरपाईच्या दाव्याची तीन वर्षं लेकरू अठरा वर्षांचं झाल्यावर मोजायला सुरुवात होते. आज सहा वर्षांच्या असलेल्या मुलीला तो दावा स्वतःच्या नावानं, एकविसाव्या वर्षापर्यंत करता येतो. म्हणून तडजोडीच्या कागदावर लेकराच्या वतीनं "आमची काही तक्रार नाही" असं लिहून अंगठा देऊ नका, आणि केसपेपर, फोटो, पोच एका पिशवीत घालून जपून ठेवा.